उरलेले एकोणीस लाडू

"मोघ्यांच्या घराण्यात गेल्या सात पिढ्यांत एकाही माणसाने अंगाला बाहेरचं रसायन लागू दिलेलं नाही," असं मुरलीधरपंतांनी जाहीर केलं आणि गोळ्यांच्या डबीतला 'शुक्रवार, दुपार' हा कप्पा उघडून पाच गोळ्या तळहातावर ओतल्या. दोन पांढऱ्या, एक गुलाबी, एक अर्धी, आणि एक कशासाठी होती ते आता डॉक्टरांनाही आठवत नव्हतं.

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या त्या दिवाणखान्यात कोणी हसलं नाही. हसण्यासारखी परिस्थिती नव्हती. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि तीन वाजता न्यूयॉर्कहून मिस डोनेली नावाच्या बाई लॅपटॉपवर उगवणार होत्या. बरोबर बारा दिवसांपूर्वी त्यांच्या, म्हणजे बेसबॉलपटूंची उत्तेजक चाचणी करणाऱ्या, कार्यालयाचं पत्र आलं होतं. सुयश पुष्कर मोघे, वय बावीस, यांच्या लघवीत स्टॅनोझोलॉल सापडलं आहे. हे अॅनाबॉलिक स्टेरॉइड आहे. आपलं काही म्हणणं असल्यास मांडावं, नसल्यास ऐंशी सामन्यांची बंदी.

ऐंशी सामने म्हणजे अख्खा हंगाम, हे त्याच्या आजोबांना, मुरलीधरपंतांना, गणिताने कळलं होतं. बेसबॉल त्यांना त्याहून जास्त कळत नव्हता. काठीने काही तरी मारण्याबद्दल पगार मिळवणारा सुयश हा घराण्यातला पहिलाच पुरुष. अमेरिकेतल्या एका क्लबच्या सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या संघाशी त्याचा करार झाला, तेव्हा मुरलीधरपंतांनी मंडळाच्या गणपतीत या खेळावर चाळीस मिनिटं भाषण केलं होतं. तोवर त्यांनी एकही सामना पाहिला नव्हता. त्यामुळेच भाषण रंगलं, असं त्यांचं मत होतं.

"अप्पा, पाणी घ्या, मग बोला," त्यांचा मुलगा पुष्कर म्हणाला. शुक्रवारी तो घरूनच काम करायचा. ब्रॅकनेलच्या कंपनीला तो या क्षणी एका महत्त्वाच्या मीटिंगमध्ये दिसत होता, आणि ते एका अर्थी खरंही होतं. त्याने अकरा स्लाइड्स केल्या होत्या. पहिलीवर 'टाइमलाइन' होतं, शेवटच्या स्लाइडवर 'थँक यू'.

"थँक यू काढ," योएल चेऊलकर म्हणाले. "आरोपीने आभार मानू नयेत."

योएलकाका हे कुटुंबाचे वकील. अलिबागकडचं बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब, बालपण भायखळ्याला, आणि पुढची चाळीस वर्षं लंडनमध्ये घरांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं. मोघ्यांनी घेतलेली तिन्ही घरं त्यांच्याच हातून गेलेली. कायदा म्हणजे कायदा, घर काय आणि लघवी काय, अशा विश्वासाने मुरलीधरपंतांनी त्यांना बोलावलं होतं.

"मी साडेतीनला उठणार, मुरली. सव्वाचारला घरी दिवे लावायचेत. शब्बाथ सूर्यास्ताला लागतो, कोणासाठी थांबत नाही."

"तुझा जामिनाचा वगैरे अनुभव काय रे?"

"शून्य. पण ओल आलेलं घर कोरडं म्हणून कसं विकतात ते मला पाठ आहे. आज तेच करायचंय."

विकायचा माल लीलावतीबाईंचा होता. मुरलीधरपंतांची ही धाकटी बहीण, सांगलीच्या मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, नोव्हेंबरात सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती आणि आल्याआल्या तिने डिंकाचे चाळीस लाडू वळले होते. पोरगं अमेरिकेत पाव खाऊन वाळलंय, थंडीत घरी आलंय तर अंगाला लागू दे, म्हणून. लाडवांत सांगलीच्या एका वैद्यांचं बलवर्धक चूर्ण होतं. पत्र आलं त्या रात्री पुष्करने इंटरनेटवर शोधलं तर असल्या चूर्णांत कधीकधी भलतंच सापडतं असं निघालं. तेव्हापासून घराला एक कारण मिळालं होतं. चूर्णात भेसळ, चूर्ण लाडवांत, लाडू सुयशच्या पोटात. तीन पायऱ्या, तीन स्लाइड्स.

"वैद्यांचा पत्ता द्यावा लागेल," योएलकाका म्हणाले.

"ते गेले. पाच वर्षं झाली," लीलावतीबाई म्हणाल्या. "मुलगा मोबाइलचं दुकान चालवतो. चूर्ण माझ्याकडचं जुनं होतं. संपलं."

"उत्तम! इतका सोयीचा साक्षीदार मला चाळीस वर्षांत मिळाला नाही."

पुष्करची बायको सुनेत्रा चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. तिला ती तीन पायऱ्यांची गोष्ट बसून ऐकवत नव्हती. हायस्ट्रीटवरच्या फार्मसीत ती सतरा वर्षं फार्मासिस्ट होती, आणि स्टॅनोझोलॉल कुठल्या डोंगरावर उगवत नाही हे तिला त्या घरात सगळ्यांत नीट माहीत होतं. शिवाय गेल्या रविवारी धुण्यात तिला सुयशचा एक मोजा जड लागला होता. आत गोळ्यांची बाटली होती. लेबल नसलेली. सोमवारी तिने ती दुकानात नेऊन, लोक नको असलेली औषधं परत देतात त्या निळ्या डब्यात टाकली. नियमाप्रमाणे. फक्त कोणी परत दिली ते कुठे लिहिलं नाही.

सुयशला तिने काही विचारलं नव्हतं. त्याने काही सांगितलं नव्हतं. पाच दिवस दोघं एकमेकांना फक्त "जेवलास?" आणि "हो" एवढंच म्हणत होती.

मागून लीलावतीबाई आल्या आणि दार लोटून घेतलं.

"आत्या, तुम्हाला हे असं काही करायची गरज नाही."

"मग कोणाला आहे? तुला? तुझं लायसन जाईल."

सुनेत्राच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. "म्हणजे?"

"तेहेतीस वर्षं शाळा चालवली मी. मुलीने दप्तरात काय लपवलंय ते चालण्यावरून कळतं. रविवारी धुणं वाळत घालताना तू एक मोजा खिशात घातलास. एकच. दोन घातले असतेस तर मी दुर्लक्ष केलं असतं."

चोवीस वर्षांपूर्वी याच बाईंनी 'औषधाच्या दुकानात उभी राहणारी मुलगी आपल्याकडे नको' म्हणून सांगलीहून चार पानी पत्र पाठवलं होतं. ते पत्र सुनेत्राने अजून जपून ठेवलं होतं, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून.

"चूर्ण चोख होतं," लीलावतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सुंठ, अश्वगंधा, गोखरू. पण मला कुठे बेसबॉल खेळायचाय? माझं नाव गेलं तर सांगलीत कळणार कोणाला? चहात आलं घाल थोडं."

सुनेत्राने आलं घातलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आलं किसताना तसं होतं असं समजायला दोघींची हरकत नव्हती.

त्या बाहेर आल्या तेव्हा योएलकाका चष्मा कपाळावर चढवून पत्राचं चौथं पान वाचत होते.

"मुरली, इथे एक कलम आहे. संशयित पदार्थ शिल्लक असल्यास तो हवाबंद करून प्रयोगशाळेत पाठवावा. शिल्लक किती?"

"चाळीसांतले एकवीस सुयशने खाल्ले. एकोणीस असतील," पुष्कर म्हणाला. "बरं झालं की! पाठवूया. सिद्धच होईल."

लीलावतीबाई कपबश्या लावत राहिल्या. सुनेत्राने खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या डस्टबिनकडे पाहिलं. पुष्करने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, मग आत्याच्या. ब्रॅकनेलमध्ये वीस वर्षं काढल्यावर कुठला प्रश्न मीटिंगमध्ये विचारायचा नसतो हे माणसाला कळतं. त्याने 'पुढील कार्यवाही' ही स्लाइड गुपचूप डिलीट केली.

"मी वकील म्हणून सल्ला देत नाही," योएलकाका सावकाश म्हणाले. "पण कलमात 'शिल्लक असल्यास' असं आहे."

"म्हणजे?" मुरलीधरपंतांनी विचारलं.

"म्हणजे तीनला अजून पस्तीस मिनिटं आहेत."

मुरलीधरपंतांच्या चेहऱ्यावर गेल्या बारा दिवसांत प्रथमच तेज आलं. "कुटुंबासाठी," ते म्हणाले, "माझी साखर गेली खड्ड्यात. आण गं डबा."

डबा मध्ये ठेवला गेला. त्यापुढची पस्तीस मिनिटं मोघ्यांच्या इतिहासात फारशी अभिमानाने सांगितली जाणार नाहीत. डिंकाचा लाडू हा सकाळी एक, गरम दुधाबरोबर, असा खायचा पदार्थ. तो चौघांनी एकोणीस असा खाण्यासाठी बनवलेलाच नाही.

"योएल, तू दोन घे की."

"दुपारी मटण झालंय. मटणावर दुधातुपाचं चालत नाही आम्हाला."

"हे तुझं नेहमीचं आहे. माझ्या साठीला खीर खाल्ली होतीस."

"तेव्हा तू जेवण शाकाहारी ठेवलं होतंस. मी अजून विसरलेलो नाही."

"बोलू नका, चावा," सुनेत्रा म्हणाली. ती तिसऱ्यावर होती. जानेवारीपासून तिने साखर सोडली होती.

"खोबरं जरा जास्त भाजलंयस, लीला," मुरलीधरपंत पाचवा उचलत म्हणाले.

"दादा, पुरावा नष्ट करतोयस. चव कसली बघतोस?"

"चव बघूनच नष्ट करतोय."

"आत्या, पाणी..." पुष्करने छातीवर हात ठेवला. त्याचा चौथा अर्ध्यात अडकला होता.

तीनला पाच कमी असताना सुयश जिन्यावरून खाली आला. सहा फूट, ग्रे हुडी, केस ओले. खोलीत चौघं मोठी माणसं कोणाकडेही न बघता शांतपणे चावत होती. योएलकाका घड्याळाकडे पाहत होते.

"व्हॉट्स गोइंग ऑन?"

"कुई नाही," आजोबा लाडू तोंडात धरून म्हणाले.

"आजोबा, ते तुम्हाला अलाउड नाहीये."

"बस तू," पुष्कर घोट घेऊन म्हणाला. "स्लाइड पाचपर्यंत मी बोलेन. तू फक्त हो म्हण."

सुयश बसला. खरं म्हणजे सकाळपासून त्याने जिन्यात बसून मनात एक वाक्य तयार केलं होतं. खाली आल्यावर ते बोलायचं होतं. पण सगळ्यांची तोंडं भरलेली होती, आणि भरल्या तोंडाच्या माणसांसमोर असलं वाक्य बोलता येत नाही. मग लॅपटॉप वाजला.

मिस डोनेली पन्नाशीच्या, नेटक्या, मागे फाइलींचं कपाट. त्यांना वाटलं होतं एक खेळाडू आणि एक वकील असेल. त्यांनी सहा चेहरे पाहिले, एक क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, की सगळ्यांनी ओळख करून द्यावी. त्यातच आठ मिनिटं गेली, कारण मुरलीधरपंतांनी स्वतःची ओळख ब्रिटिश रेल्वेतल्या नोकरीपासून सुरू केली.

पुष्करची टाइमलाइन झाली. चूर्ण झालं. लीलावतीबाईंनी, शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबापुढे बोलावं तशा नीटस इंग्रजीत सांगितलं, की त्या पदार्थात काय होतं याची पूर्ण जबाबदारी त्यांची आहे. मिस डोनेली लिहून घेत होत्या.

"लाडू शिल्लक आहेत?"

"दुर्दैवाने नाहीत," योएलकाका म्हणाले.

"शेवटचा कधी संपला?"

"अलीकडे," योएलकाका म्हणाले. सुनेत्राने दातात अडकलेला डिंक जिभेने मागे सारला.

"खेळाडूशिवाय घरातल्या आणखी कोणी ते खाल्ले होते?"

या प्रश्नाचं उत्तर योएलकाकांनी तयार केलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. स्क्रीनवरच्या छोट्या चौकोनात मुरलीधरपंतांच्या मिशीवर खोबऱ्याचा एक चांगला दिसण्याइतका कीस होता.

"कारण तसं असेल तर काम फारच सोपं आहे," मिस डोनेली आनंदाने म्हणाल्या. "त्यांच्याही शरीरात ते सापडेल. ज्यांनी ते बनवले, त्यांनी चाखले असतीलच. मिसेस..." त्यांनी कागद पाहिला. "लीलावती. तुम्ही लघवीचा नमुना द्याल? आमची महिला अधिकारी घरी येईल. नियमाप्रमाणे तिला समोर उभं राहावं लागतं. निकालपत्रात तुमचं नाव येईल, आणि ते प्रसिद्ध होतं. त्याला हरकत नाही ना?"

मुरलीधरपंतांच्या हातातली डबी खाली पडली. एकाहत्तर वर्षांची त्यांची बहीण. तिच्या शाळेत तिच्यासमोर खडूसुद्धा कोणी न विचारता उचलत नसे.

लीलावतीबाईंनी पदर सारखा केला. "देईन," त्या म्हणाल्या. "किती वाजता?"

सुयशने आत्याआजीकडे पाहिलं. ती खुर्चीत अगदी ताठ बसली होती. त्याला एकदम लहानपणची आठवण वगैरे काही झाली नाही. त्याला फक्त दिसलं की तिची बोटं पदराच्या टोकाची घडी घालत होती, पुन्हा उलगडत होती, पुन्हा घालत होती.

"नो," तो म्हणाला. "स्टॉप. आत्याआजी काही देणार नाही."

"सुयश," पुष्कर म्हणाला, "स्लाइड सहा अजून..."

"बाबा, प्लीज. मिस डोनेली, इट वॉज मी. गोळ्या मीच घेतल्या. सहा आठवडे. रूममेटकडून. तिला काहीच माहीत नाही. शी इज जस्ट... ती माझी आत्याआजी आहे."

लॅपटॉपमधून न्यूयॉर्कच्या कुठल्यातरी रस्त्यावरचा भोंगा ऐकू आला.

"का रे?" मुरलीधरपंतांनी शेवटी विचारलं. मराठीत, मिस डोनेलींना विसरून.

"आजोबा, तिकडे सगळे ह्यूज आहेत. मी बॉल मारायचो आणि तो... तो तिथेच मरून पडायचा. दे वर गोइंग टू रिलीज मी. आणि इथे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मंडळात. तुम्ही भाषण केलं. मी हरून परत कसा येणार?"

मुरलीधरपंतांनी मिशी पुसली. ते चाळीस मिनिटांचं भाषण त्यांना प्रथमच थोडं लांबल्यासारखं वाटलं.

"आणि मग बॉल लांब गेला?" त्यांना राहवेना.

"गेला ना. फोर हंड्रेड फीट. पण मला तो बघवला नाही."

मिस डोनेलींनी विचारलं, की उरलेल्या गोळ्या कुठे आहेत. सुयश गोंधळला. "मोज्यात होत्या. मग नव्हत्या. आय थॉट..." तो थांबला आणि हळूहळू आईकडे वळला.

पुष्करने टेबलाखाली बायकोचा हात धरला. बोलू नको, असं ते धरणं होतं. सुनेत्राने तो हात सोडवला.

"माझ्याकडे," ती म्हणाली. "मी टाकून दिल्या. मी फार्मासिस्ट आहे. कुठून आल्या ते लिहायला हवं होतं, ते मी लिहिलं नाही. सोमवारी दुकानात जाऊन लिहीन."

"तुला माहीत होतं?" सुयश म्हणाला.

"जेवलास का असं रोज विचारत होते ना मी तुला," सुनेत्रा म्हणाली, आणि तिचा आवाज तिथे मोडला. सुयशने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. सहा फुटी माणसाला ते जरा अवघड जातं, पण जमलं.

"एक मिनिट," लीलावतीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मुख्याध्यापिका परत आली होती. "गोळ्या घेत होतास ते समजलं. मग माझे एकवीस लाडू?"

"सॉरी, आत्याआजी. मी एक पण नाही खाल्ला. मला वाटलं, गोळ्या घेतोय आणि वर तुझा लाडू खायचा, इट फेल्ट राँग."

"मग एकवीस लाडू गेले कुठे?"

सगळ्यांनी सावकाश मुरलीधरपंतांकडे पाहिलं. मुरलीधरपंत छताकडे पाहत होते. तिथे रंगाची एक पोपडी सुटली होती, ती बघायलाच हवी होती.

"एकवीस आणि आत्ताचे सात," सुनेत्रा डोळे पुसत म्हणाली. "अप्पा, सोमवारी रक्त तपासायला माझ्याबरोबर यायचं."

योएलकाका उठले. साडेतीन झाले होते. कोट चढवता चढवता ते सुयशपाशी थांबले. "चाळीस वर्षांत माझ्या एकाही अशिलाने ओल आलीय हे स्वतःहून सांगितलं नाही. तू माझी प्रॅक्टिस बुडवलीस, बेटा," ते म्हणाले, आणि त्याचा गाल थोपटून दिवे लावायला निघून गेले.

मिस डोनेलींनी फाइल मिटली. ऐंशी सामने, त्या म्हणाल्या. स्वतःहून कबूल केल्याची नोंद होईल. करार ठेवायचा की नाही ते क्लब ठरवेल, आणि त्यांना स्वतःला फारशी आशा वाटत नाही, हे त्या लपवणार नाहीत. मिसेस लीलावतींचं नाव कुठेही येणार नाही.

"थँक यू," सुयश म्हणाला. पुष्करने काढून टाकलेली स्लाइड शेवटी अशी वाचली गेली.

लीलावतीबाईंनी पदराची घडी सोडली. बावीस वर्षांच्या मुलाचं जगणं पुन्हा पहिल्यापासून मांडायचं होतं, आणि कोणत्या टोकापासून ते कोणालाच माहीत नव्हतं.

"आणखी एक," मिस डोनेली म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच जरा अवघडल्या. "बंदीच्या काळातही तपासण्या चालू राहतात. उद्या सकाळी सहा वाजता आमचे नमुना घेणारे अधिकारी येतील. तुमच्या घराला एक विनंती आहे. त्यांना कृपया काही खायला देऊ नका. गेल्या वेळी त्यांनी तीनदा नको म्हटलं, तरी कोणीतरी पोहे वाढले, वर पुन्हा वाढले. पाहुणचार घेतला तर त्यांना तो अहवालात लिहावा लागतो. त्यांनी दोन पानं लिहिलीत."

सुनेत्राने मान खाली घातली.

लीलावतीबाई पुष्करच्या कानाशी वाकल्या.

"विचार ना तिला," त्या म्हणाल्या, "नुसता चहा चालेल का?"